कोंडलेल्या उंटाचा डाव

बुद्धिबळाबद्दल हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. हा खेळ आता बुद्धीचा राहिला नाही, पाठांतराचा झाला. पहिल्या पंधरा-वीस चाली खेळाडू घरून घोकून येतात, संगणकाने सांगितलेल्या चाली पटावर ओततात आणि ज्याची स्मरणशक्ती दांडगी तो जिंकतो, असं म्हटलं जातं. तक्रार करणाऱ्यांत जुने शौकीन आहेत, मुलांना शिकवणीला घालणारे पालक आहेत आणि बॉबी फिशरसारखा जगज्जेताही होता. १९९६ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये फिशरने बुद्धिबळाचा एक नवा प्रकार जाहीर केला. त्यात मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठी टाकून मांडायचे होते. घोकलेल्या ओपनिंगचा कोणालाच उपयोग होऊ नये, हा त्यामागचा हेतू. इतक्या मोठ्या माणसाने मांडलेली तक्रार झटकून टाकता येत नाही. तरीही ती एका चुकीच्या समजुतीवर उभी आहे, असं माझं म्हणणं आहे. ओपनिंग म्हणजे चालींची यादी, ही ती समजूत. प्रत्यक्षात प्रत्येक चांगलं ओपनिंग पटावरच्या एखाद्या खऱ्या अडचणीवर शोधलेला उपाय असतं. ती अडचण ज्याला कळली, त्याच्याच हातात ते ओपनिंग जिवंत राहतं. हे तपासून पाहायला एक डाव पुरेसा आहे: १५ जानेवारी २०१३ रोजी लेव्हॉन अरोनियनविरुद्ध विश्वनाथन आनंदने काळ्या मोहऱ्यांनी अवघ्या २३ चालींत जिंकलेला.

हा डाव नेदरलँड्समधल्या वाइक आन झी या समुद्रकाठच्या गावात झाला. तिथल्या पोलाद कारखान्याने १९३८ मध्ये शेजारच्या बेव्हरवाइकमध्ये एक स्पर्धा सुरू केली आणि कारखान्याचे मालक बदलत गेले तशी स्पर्धेची नावंही बदलत गेली. आधी होगोवेन्स, मग कोरस आणि मुंबईच्या टाटा समूहाने तो व्यवसाय विकत घेतल्यानंतर टाटा स्टील. दर जानेवारीत जगातले अव्वल खेळाडू तिथे जमतात. २०१३ ची स्पर्धा मॅग्नस कार्लसनने १३ पैकी १० गुण मिळवून जिंकली. पण त्या वर्षीचा आठवणीत राहिलेला डाव कार्लसनचा नाही, चौथ्या फेरीतला आनंदचा आहे. आनंद तेव्हा जगज्जेता होता. आर्मेनियाचा अरोनियन जगातल्या पहिल्या तीन-चार खेळाडूंत गणला जात होता आणि ओपनिंगच्या अभ्यासात कोणालाही हार जाणारा नव्हता. म्हणजे कच्च्या प्रतिस्पर्ध्याला घोकलेल्या सापळ्यात पकडलं, असं या डावाबद्दल म्हणता येत नाही.

डावाकडे वळण्याआधी पाठांतराचं गणित एकदा मांडून पाहू. पहिल्या चालीत पांढऱ्याला २० पर्याय असतात, काळ्यालाही २०. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली की ४०० शक्यता. दोन-दोन चालींनंतर हा आकडा १,९७,२८१ वर जातो, तीन-तीन चालींनंतर कोटींच्या घरात. एवढं कोणाला पाठ होणार? माणसाच्या डोक्यात मावतील अशा मोजक्याच वाटा निवडाव्या लागतात आणि निवड करायची तर कसोटी लागते. ती कसोटी जुनीच आहे. मधल्या चार घरांवर ताबा असावा, मोहरे लवकर कामाला लागावेत आणि राजा सुरक्षित जागी जावा. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत, हीच खरी मेख. प्यादं पुढे टाकून मध्य भक्कम करावा, तर त्याच प्याद्यामागे आपला उंट अडकतो. उंट आधी बाहेर काढावा, तर मध्य उघडा पडतो. ओपनिंगचं सगळं शास्त्र या ओढाताणीतून जन्माला आलं आहे. कुठल्या गैरसोयीच्या बदल्यात कुठली सोय पदरात पडते, याचा तो शेकडो वर्षं चालत आलेला हिशेब आहे.

आनंद-अरोनियन डावाची सुरुवात या हिशेबाचा नमुनाच आहे. (पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए पासून एच पर्यंत अक्षरं असतात आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे.) अरोनियनने वजिरासमोरचं प्यादं डी-४ वर टाकलं, आनंदने डी-५ ने उत्तर दिलं. दुसऱ्या चालीत पांढऱ्याने सी-४ वर प्यादं ठेवून डी-५ च्या प्याद्याला आव्हान दिलं. हा क्वीन्स गॅम्बिट, म्हणजे वजिराच्या बाजूचं प्यादं देऊ करणं. आनंदने सी-६ खेळून आपल्या प्याद्याला आधार दिला. याला स्लाव बचाव म्हणतात. मग दोन्हीकडचे घोडे बाहेर आले, पांढऱ्याचे एफ-३ आणि सी-३ वर, काळ्याचा एफ-६ वर, आणि चौथ्या चालीत आनंदने ई-६ खेळून दुसराही आधार दिला. इथे स्लावचा ‘सेमी-स्लाव’ झाला. आता डी-५ चं प्यादं दोन्ही बाजूंनी भक्कम आहे, पण त्याची किंमत पटावर दिसते आहे. सी-८ वरच्या काळ्या उंटाचा बाहेर पडायचा मार्ग त्याच्याच ई-६ च्या प्याद्याने बंद केला. हा कोंडलेला उंट ही सेमी-स्लावची जन्मखूण आहे. काळ्याने पुढे काहीही खेळावं, शेवटी प्रश्न एकच राहतो: या उंटाला बाहेर कसं काढायचं? गंमत अशी की पाचव्या चालीत अरोनियननेही ई-३ खेळून आपला सी-१ वरचा उंट तसाच कोंडून घेतला. दोन्ही बाजूंना एकेक बंदिवान. ज्याचा आधी सुटेल त्याचं पारडं जड.

या प्रश्नाला एक फार सुंदर उत्तर आहे आणि ते अकिबा रुबिनस्टाइन या पोलिश ग्रँडमास्टरच्या नावाशी जोडलेलं आहे. १९२४ मध्ये इटलीतल्या मेरान या डोंगराळ गावात झालेल्या स्पर्धेत अर्न्स्ट ग्रुनफेल्डविरुद्ध त्याने ते वापरलं आणि त्या गावाचं नाव या पद्धतीला कायमचं चिकटलं. कल्पना अशी: काळ्याने पाचव्या चालीत दुसरा घोडा डी-७ वर आणून वाट पाहायची. पांढऱ्याने सहाव्या चालीत आपला उंट डी-३ वर आणला की लगेच डी-५ च्या प्याद्याने सी-४ चं प्यादं मारायचं. ते प्यादं परत घ्यायला पांढऱ्याच्या उंटाला दुसऱ्यांदा हलावं लागतं. तो सी-४ वर आला की बी-५ वर प्यादं टाकून त्याला हुसकवायचं. उंट तिसऱ्यांदा हलतो. मधला डी-५ चा बुरुज काळ्याने स्वतःहून सोडला हे खरं, पण मोबदल्यात दोन गोष्टी मिळाल्या. पांढऱ्याच्या चाली एकाच उंटावर खर्च झाल्या आणि बी-७ चं घर मोकळं झालं. कोंडलेला उंट आता बी-७ वर जाऊ शकतो आणि तिथून एच-१ पर्यंतचा अख्खा लांब कर्ण त्याच्या टप्प्यात येतो. वाटेत उरतं फक्त स्वतःचं सी-६ चं प्यादं. ते सी-५ वर सरकलं की दार उघडलं. मेरान पद्धतीचा सगळा जीव ‘सी-५’ या एका चालीत आहे. ती कधी खेळायची, कशाच्या बदल्यात खेळायची, हा पुढच्या नव्वद वर्षांच्या अभ्यासाचा विषय झाला. पांढऱ्यासाठी ब्लुमेनफेल्डसारख्या खेळाडूंनी धारदार प्रतिउपाय शोधले, काळ्याच्या बाजूने त्यांची दुरुस्ती झाली, काही वाटा बाद झाल्या, काही पुन्हा जिवंत झाल्या.

आनंद आणि अरोनियन या रस्त्याने आले. आठव्या चालीत अरोनियनचा उंट डी-३ वर परतला, आनंदने आपला दुसरा उंट डी-६ वर आणला. नवव्या चालीत दोघांनी राजाच्या बाजूला कॅसलिंग केलं. दहाव्या चालीत पांढरा वजीर सी-२ वर आला, काळा उंट बी-७ वर. अकराव्या चालीत पांढऱ्याने ए-३ खेळलं, काळ्याने हत्ती सी-८ वर आणला. तो हत्ती पांढऱ्या वजिराच्या अगदी समोर, सी पट्टीवर उभा आहे. मध्ये आहेत फक्त एक प्यादं आणि एक घोडा. म्हणजे सी-५ साठी सगळी जमवाजमव झाली. आता अरोनियनने बाराव्या चालीत घोडा जी-५ वर उडवला. घोडा, डी-३ वरचा उंट आणि त्याच्यामागचा वजीर अशा तिघांचा रोख एच-७ च्या प्याद्यावर, म्हणजे काळ्या राजाच्या दारावर आला. सावध खेळाडू इथे आधी घर सांभाळेल. आनंदने सांभाळलं नाही. त्याने सी-५ खेळलं. एच-७ चं प्यादं घ्यायचं तर घे, माझा उंट सुटला, असा त्या चालीचा अर्थ.

अरोनियनने ते प्यादं घोड्याने घेतलं. हा घोडा आता एफ-८ च्या हत्तीवरही डोळा ठेवून आहे. त्याला आपल्या घोड्याने मारावं, तर पांढरा उंट शह देत एच-७ वर येतो. आनंदने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने आपला एफ-६ चा घोडा जी-४ वर नेला. डी-६ चा उंट आणि जी-४ चा घोडा दोघेही एच-२ वर टपले आणि वजिराला एच-४ चा रस्ता मोकळा झाला. हत्ती मारायची घाई केली असती तर हे तिघे मिळून पांढऱ्या राजावर तुटून पडले असते. म्हणून अरोनियनने चौदाव्या चालीत एफ-४ खेळून उंटाचा कर्ण बंद केला. पण एक कर्ण बंद करताना दुसरा उघडा पडला: सी-५ पासून पांढरा राजा असलेल्या जी-१ पर्यंतचा. आनंदने सी-५ च्या प्याद्याने डी-४ चं प्यादं मारलं, पांढऱ्याने ई-३ च्या प्याद्याने परत मारलं आणि पंधराव्या चालीत काळा उंट सी-५ वर, म्हणजे पांढऱ्या प्याद्याच्या तोंडात जाऊन बसला. त्याला मारलं तर डी-७ चा घोडा ते प्यादं घेत मध्यभागी येतो आणि काळ्या वजिराची डी पट्टी मोकळी होते. अरोनियनने डी-३ चा उंट ई-२ वर मागे घेऊन जी-४ च्या घोड्यावर हल्ला केला. आणि सोळाव्या चालीत आनंदने डी-७ चा घोडा ई-५ वर ठेवला.

ही चाल जरा थांबून पाहण्यासारखी आहे. पटावर या क्षणी काळ्याचे तीन मोहरे मारता येतील अशा ठिकाणी आहेत, शिवाय एफ-८ चा हत्ती आहेच. ई-५ च्या घोड्याला डी-४ च्या प्याद्याने मारता येत नाही, कारण ते प्यादं सी-५ च्या उंटामुळे आपल्या राजासमोर जखडलं गेलं आहे. एफ-४ च्या प्याद्याने मारता येतं. समजा मारलं. मग काळा वजीर डी-४ वर प्यादं घेत शह देतो, राजा एच-१ च्या कोपऱ्यात जातो आणि वजीर सरळ जी-१ वर जाऊन स्वतःला अर्पण करतो. सी-५ च्या उंटाचा त्याला आधार असल्याने राजा त्याला मारू शकत नाही. हत्तीनेच मारावं लागतं. हत्ती जी-१ वर आला की राजाचं शेवटचं घरही भरलं. आता जी-४ चा घोडा एफ-२ वर येतो आणि मात होते. आपल्याच हत्तीने आणि आपल्याच दोन प्याद्यांनी वेढलेला राजा, त्याला शह देणारा एकटा घोडा. अरोनियनला हे दिसलं. त्याने सतराव्या चालीत उंटाने जी-४ चा घोडा मारला. म्हणजे डी-३, सी-४, पुन्हा डी-३, ई-२ आणि जी-४ अशा पाच चाली या एका उंटाने केल्या आणि पुढच्याच चालीत तो पडला. मेरान पद्धतीने सहाव्या-सातव्या चालीत पांढऱ्यावर जो खर्च लादला होता, त्याचं बिल सतराव्या चालीत आलं.

पुढचा भाग वेगाने घडतो. काळ्या उंटाने डी-४ वर प्यादं घेत शह दिला, राजा एच-१ वर गेला, ई-५ च्या घोड्याने जी-४ वर उंट मारला. अरोनियनच्या घोड्याने अखेर एफ-८ चा हत्ती घेतला. आनंदने तो घोडा परत न मारता एफ-५ खेळलं. त्यामुळे पांढऱ्या वजिराची एच-७ कडे जाणारी वाट बंद झाली. विसाव्या चालीत पांढरा घोडा जी-६ वर आला, तो एच-४ वर वजिराला येऊ देत नाही. आनंदने वजीर एफ-६ वर आणून घोड्यावर हल्ला केला. पांढऱ्याने एच-३ खेळून जी-४ च्या घोड्याला विचारलं, तर आनंदने तिकडे दुर्लक्ष करून जी-६ चा घोडा घेतला. जी-४ चा घोडा आता मारला तर एच पट्टी उघडते आणि राजाचं काही खरं नाही. पांढरा वजीर ई-२ वर आला, काळा एच-५ वर; पांढरा वजीर डी-३ वर आला, एच-३ च्या प्याद्याला आडवा आधार द्यायला. तेविसाव्या चालीत काळा उंट डी-४ वरून ई-३ वर सरकला आणि तो आधार तुटला. अरोनियनने डाव सोडला.

त्याने डाव का सोडला, हे नीट पाहिलं तर या लेखातलं म्हणणं एका जागी सापडतं. धमकी अशी आहे की काळा वजीर एच-३ चं प्यादं मारेल. एरवी त्याला जी-२ च्या प्याद्याने सहज मारता आलं असतं. इथे येत नाही, कारण जी-२ चं प्यादं एच-१ वरच्या राजासमोर जखडलं गेलं आहे. कोणामुळे? बी-७ वरच्या उंटामुळे. दहाव्या चालीनंतर तो एकदाही हलला नाही, त्याने एकही मोहरा मारला नाही, पण सी-५ चं दार उघडल्यापासून त्याची नजर थेट राजावर आहे. सेमी-स्लावमध्ये काळ्याचं दुखणं म्हणून ओळखला जाणारा हाच तो उंट. आणि पलीकडे पाहा: अरोनियनचा सी-१ वरचा उंट तेवीस चालींत जागचा हललेला नाही. शेवटच्या क्षणी तो ई-३ चा उंट मारू शकला असता, पण तेव्हा वजीर एच-३ वर शह देतो आणि पुढच्या चालीला मात होते. दोन कोंडलेल्या उंटांपैकी एक सुटला, एक नाही. काळ्याकडे शेवटी हत्तीच्या बदल्यात उंट, म्हणजे मोजमापाने तो मागेच होता. तरी तो जिंकला, कारण ओपनिंगने विचारलेला प्रश्न त्याने शेवटच्या चालीपर्यंत सोडला नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. हे सगळं आनंदने घरीच शोधलेलं नव्हतं का? बऱ्याच अंशी होतं. २०१२ च्या मे महिन्यात मॉस्कोत बोरिस गेलफंडविरुद्ध आनंद जगज्जेतेपदाचा सामना खेळला. १२ डाव ६-६ असे बरोबरीत सुटले आणि जलद डावांत आनंदने किताब राखला. त्या सामन्यात त्याने काळ्या मोहऱ्यांनी सेमी-स्लाव वापरला होता आणि अरोनियनविरुद्धची कल्पना त्याच तयारीतून आलेली होती. या तयारीत संगणक होता, मदतनीस होते. मग आनंदचं श्रेय कुठे उरलं? माझ्या मते आक्षेप घेणारे इथे तयारीला चोरवाट समजतात आणि तिथेच चुकतात. संगणक विचारलेल्या स्थितीचं उत्तर देतो. कोणती स्थिती विचारण्याजोगी आहे हे माणूस ठरवतो. राजाचं दार उघडं टाकून सी-५ खेळता येईल का, हा प्रश्न सुचण्यासाठी त्या उंटाची किंमत आधी कळलेली असावी लागते. शिवाय गेलफंडसाठी केलेली तयारी आठ महिने पडून राहिली आणि वेगळ्याच प्रतिस्पर्ध्यासमोर, घड्याळ चालू असताना कामाला आली. नुसत्या पाठ केलेल्या चाली अशा टिकत नाहीत. कारणासकट समजलेल्या टिकतात, कारण एखादी चाल आठवली नाही तरी कारणावरून ती पुन्हा शोधता येते.

घरची तयारी ही संगणकाची देणगी आहे, हेही खरं नाही. १९१८ मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक मार्शलने होजे राऊल कापाब्लांकाविरुद्ध रुय लोपेझ ओपनिंगमध्ये एक नवा, प्यादं देऊन हल्ला करणारा प्रकार बाहेर काढला. तयारी पूर्ण, आश्चर्य पूर्ण. कापाब्लांकाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने समोर येईल तशी वाट काढली, हल्ला परतवला आणि डाव जिंकला. ‘पाठांतर विरुद्ध आकलन’ असा सामना कोणाला हवाच असेल तर तो शंभर वर्षांपूर्वीच झाला आणि त्यात आकलन जिंकलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. मार्शलचा तो प्रकार हरूनही मेला नाही. पुढच्या पिढ्यांनी त्यातल्या उणिवा काढल्या, नव्या जागा भरल्या आणि आजही सर्वोच्च पातळीवर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारे तो टाळण्यासाठी वेगळी वाट धरतात. एका माणसाची हरलेली कल्पना सगळ्यांची संपत्ती होते, ती अशी.

आनंदच्या डावालाही असा एक पूर्वज आहे. १९०७ साली पोलंडमधल्या लॉड्झ शहरात जॉर्ज रॉटलेवीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळलेला एक डाव ‘रुबिनस्टाइनचा अमर डाव’ म्हणून ओळखला जातो. त्यातही काळ्याचा एक उंट बी-७ वर आहे, दुसरा जी-१ कडे जाणाऱ्या कर्णावर, घोडा जी-४ वर, हत्ती सी-८ वर, आणि पांढऱ्याने एफ-४ खेळून राजा एच-१ च्या कोपऱ्यात नेलेला आहे. तिथे रुबिनस्टाइनने वजीर आणि हत्ती दोन्ही देऊन पंचविसाव्या चालीला विजय मिळवला. वाइक आन झीचा डाव संपताच जाणकारांना तो आठवला. ज्या रुबिनस्टाइनने मेरान पद्धत रूढ केली, त्याच्याच तरुणपणच्या डावाची आकृती एकशे पाच वर्षांनी त्या पद्धतीतून पुन्हा उमटली. याला मी योगायोग मानत नाही. दोन उंट शेजारशेजारच्या कर्णांवर मोकळे सुटले की राजाच्या कोपऱ्यावर काय करू शकतात, हे ज्ञान रुबिनस्टाइनकडून पुढच्या पिढ्यांपर्यंत आलं. आनंदने ते वाचलं, पचवलं आणि त्यात स्वतःची भर घातली. नवनिर्मिती परंपरेच्या खांद्यावर उभी असते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण बुद्धिबळात क्वचित सापडतं.

तरी कोणी म्हणेल की ओपनिंग हा अखेर माणसांनी पाडलेला प्रघात आहे. वेगळ्या वाटेने गेलं तर वेगळाच खेळ दिसला असता. या शंकेचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. डीपमाइंडच्या अल्फाझीरो या प्रणालीला बुद्धिबळाचे फक्त नियम दिले होते. एकही मानवी डाव नाही, एकही ओपनिंग नाही. ती स्वतःशीच खेळत शिकली आणि माणसं सर्वाधिक खेळतात त्याच ओपनिंगपर्यंत स्वतःहून पोचली. क्वीन्स गॅम्बिट त्यांतलंच एक. यंत्राने माणसांची नक्कल केलेली नव्हती. पटाचं स्वरूपच असं आहे की शोधत गेल्यावर कोणीही तिथे पोचेल. शतकानुशतकं माणसांनी कागद-पेन्सिल घेऊन जे जमवलं, त्यावर याहून मोठी मोहोर कोणती हवी?

फिशरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. सर्वोच्च पातळीवर अति तयारीमुळे डाव गुळगुळीत होण्याचा धोका खरा आहे. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्यातले जगज्जेतेपदाचे बाराही डाव बरोबरीत सुटले. असं त्या सामन्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. आज कार्लसनसुद्धा फिशरच्या प्रकाराचा पुरस्कर्ता आहे. त्या प्रकाराला माझा विरोध नाही. पण बरोबरीचा दोष एकट्या ओपनिंगवर टाकता येत नाही. मोजक्या डावांच्या सामन्यात एक हार महागात पडते, म्हणून दोघेही जपून खेळतात, हेही कारण तितकंच मोठं आहे. आणि ज्या बर्लिन बचावाला कंटाळवाण्या बरोबरींसाठी नावं ठेवली जातात, तो एकोणिसाव्या शतकातला, अडगळीत पडलेला प्रकार होता. २००० साली व्लादिमीर क्रामनिकने तो झटकून काढला आणि गॅरी कास्पारोव्हला संपूर्ण सामन्यात एकही डाव जिंकू न देता किताब घेतला. वजीर लवकर पटावरून गेले तरी काळा राजा मध्यात सुरक्षित राहू शकतो, हे इतरांना न दिसलेलं सत्य त्याने पाहिलं. त्यातही कल्पकता होती. नंतर शेकडो जणांनी ती न समजता उचलली, हा दोष उचलणाऱ्यांचा.

हा सगळा विचार महाराष्ट्रातल्या घरांना जवळचा आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टरही झाली, तेव्हापासून अनेक आईवडील मुलांच्या बुद्धिबळाकडे गंभीरपणे पाहू लागले आहेत. लवकर गुण मिळावेत म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलांकडून ओपनिंगच्या लांबलचक वाटा घोकून घेण्याचा मोह अशा वेळी होतो. तो आवरायला हवा. प्रतिस्पर्ध्याने सहाव्या चालीलाच पुस्तक सोडलं की घोकलेलं मूल गोंधळतं, आणि लहान मुलांच्या स्पर्धेत प्रतिस्पर्धी पुस्तक सोडतोच. मोठ्या स्पर्धांतही निकाल घोकंपट्टीच्या पलीकडे लागतो: दिव्याचा अंतिम सामनाही नेहमीच्या वेळेच्या डावांत बरोबरीत राहिला आणि निकाल जलद डावांत लागला. २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला गुकेश जगज्जेता झाला तो चौदाव्या डावात, ओपनिंग कधीच मागे पडल्यावर, डावाच्या शेवटच्या टप्प्यात डिंग लिरेनच्या हत्तीच्या एका चुकीच्या चालीने. ओपनिंग डाव जिंकून देत नाही, डावाला अर्थ देतं.

म्हणून पालकांना आणि प्रशिक्षकांना एक विनंती. वरच्या परिच्छेदांत आनंद-अरोनियन डावाच्या तेवीसच्या तेवीस चाली आल्या आहेत. रविवारचा एक तास काढून त्या मुलासोबत पटावर मांडा. काळ्याच्या प्रत्येक चालीपाशी थांबा आणि एवढंच विचारा: या चालीने सी-८ वरच्या उंटाचं काय झालं? उत्तर चुकलं तरी चालेल, पुढच्या चालीला दुरुस्त होईल. ज्या मुलाला हे उत्तर स्वतःचं स्वतः सापडलं, त्याला सेमी-स्लाव पाठ करायला लावण्याची गरज पडणार नाही.